संगणकाची रेषा आणि हाताचा रंग

घराचा नकाशा गवंड्यास कळतो. घरच्या माणसांस कळते ते यथार्थदर्शन, म्हणजे अंगणात उभ्या राहिलेल्या माणसास घर जसे दिसेल तसे काढलेले चित्र. मुंबईस १८५७ साली सर जे. जे. कलाशाळा निघाली, पुढे तिच्या छायेत वास्तुविद्या शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या अशी चित्रे टी-स्क्वेअर, पेन्सिल व जलरंग यांनी काढीत आल्या. १९८२ साली ऑटोकॅड आले आणि हळूहळू रेषेचे काम संगणकाने उचलले. मौज अशी की, रेषा निर्दोष झाल्यावर ती हाताने काढल्यासारखी दिसावी म्हणून खटपट सुरू झाली. त्याकरिता एक स्वतंत्र संगणक-प्रणाली निघाली व तिला पिरानेसी या अठराव्या शतकातील इटालियन चित्रकाराचे नाव मिळाले.

हे ढोंग नव्हे काय? यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यास घर बांधण्याचे ठरले, तेव्हा हा प्रश्न आम्हांपुढे उभा राहिला. वास्तुशिल्पकाराकडून आलेले पहिले चित्र छायाचित्राइतके हुबेहूब होते. काचा चकाकत होत्या, हिरवळ गालिच्यासारखी होती. आमच्या वृद्ध आत्याबाईंनी ते पाहिले आणि "छान आहे," एवढेच म्हणून परत केले. पुढे त्याच रेषांवर हाताने रंग दिलेले दुसरे चित्र आले. या वेळी त्यांनी चष्मा लावला, चित्रावर बोट ठेवले आणि विचारले, "उन्हाळ्यात रात्री बाज कुठं टाकायची रे? मागं पडवीच नाही!" त्या संध्याकाळी चित्रावरच पेन्सिलीने पडवी उमटली.

पहिल्या चित्रात घर बांधून झाले होते. त्यावर बोलण्यास जागा नव्हती. दुसरे चित्र अजून विचारीत होते. ज्या घरात एखाद्याचे उरलेले आयुष्य जावयाचे, त्याविषयी त्यास बोलावेसे वाटणे ही लहान गोष्ट नव्हे.

कृती अवघड नाही. संगणकातून रेषा फिकट करड्या काढून जलरंगाच्या जाड कागदावर छापाव्या. शाई पाण्याने पसरणारी नसावी, नाहीतर पहिल्याच हाताला भिंत काळवंडते. मग आकाश, भिंत आणि शेवटी सावली, असे पातळ रंगाचे हात द्यावे. एक वाळल्यावाचून दुसरा देऊ नये. दाराशी रंग गडद असावा, कडेला विरत जावा. संगणकाची भिंत पुष्कळदा एकरंगी दिसते; पाण्यातला रंग खाली उतरून साठतो, म्हणून भिंतीवर ऊन पडलेसे वाटते.

मात्र रंग हाताचा म्हणून चित्र खरे, असे नव्हे. लोहारा विषुववृत्ताच्या उत्तरेस २० अंशांहून थोडे पुढे आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ डोक्यावर येतो आणि छज्जाची सावली त्याच्याच पायाशी पडते. अशा दुपारच्या चित्रात थंड देशातील लांब तिरपी सावली घालणे, किंवा कुंपणाजवळचा कडुनिंब पुसून तेथे शोभेचा ताड लावणे, ही खरी लबाडी. मग ती यंत्राने केलेली असो वा कुंचल्याने. कागदाचा पोत उसना आणला तरी चालेल. ऊन मात्र ज्या गावचे घर, त्याच गावचे असावे.