हवेचं वजन

गेल्या श्रावणात उजव्या अंगठ्याचा सांधा धरला, आणि स्टिकमधली जाड तारेची स्प्रिंग काढून मी पातळ तारेची बसवली. नऊ वर्षं रात्री दहानंतर मी कॉम्प्युटरच्या सिम्युलेटरवर मेसरश्मिट १०९ हे जर्मन लढाऊ विमान उडवतोय. समोर बहुधा स्पिटफायर.

१९४० साली इंग्रजांनी हाती लागलेलं एक १०९-ई फार्नबरोला उडवून तपासलं. ताशी ४०० मैलांना वैमानिकाने सगळा जोर लावला तरी विमान कलवणारे पंखांवरचे एलेरॉन जेमतेम एक पंचमांश हलत. ४५ अंश कलायला चार सेकंद. कॉकपिट इतकं अरुंद, की बाजूला सुमारे ४० पौंडांपलीकडे रेटा देताच येत नसे. स्पिटफायरचीही त्या वेगाला तीच गत.

सिम्युलेटर हे पाळतो, माझं टेबल पाळत नाही. सूर मारताना माझी स्टिक पार डावीकडे गेलेली असते आणि पडद्यावरची पाचव्या हिश्श्यावर अडलेली. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, तर जोर चौपट. स्प्रिंगला वेग कळत नाही, आपण तिला किती वाकवलं तेवढंच कळतं. टूलरूममध्ये आयुष्य गेलेलं, म्हणून तारा बदलत राहिलो. जाड तार सूर मारताना खरी वाटे. पण उतरताना, जिथे खरी स्टिक ढिली पडते, तिथेही ती तशीच ताठ. मधली तार दोन्हीकडे खोटी. दोन स्प्रिंगा एकात एक घातल्या, तर मध्यावर खटका लागू लागला, आणि नेम धरताना हात असतो तो नेमका मध्यावरच. मोटरने ताण बदलणारी एक जुनी स्टिक मिळवली. तिचा जोर कसाबसा दोन बोटांचा.

आम्ही ऑनलाइन लढतो त्या सर्व्हरवर भांडणं होतात ती ताशी पाच किलोमीटर कमी की जास्त यावरून. नाक झटकन दाबलं की स्पिटफायरच्या जुन्या मर्लिन इंजिनाचा दम का तुटतो, १०९ चं इंजेक्शनवालं इंजिन का चालू राहतं, हे प्रत्येक पोराला पाठ आहे. वैमानिकाचा दंड किती भरून येत होता, हे कोणी विचारत नाही. माउसने लढणाऱ्यांशी तर मी या विषयावर बोलतच नाही. त्यांच्या विमानाला हवा लागतच नाही, असं माझं ठाम मत आहे.

पण कबूल करतो, जाड स्प्रिंग मी केवळ खरेपणासाठी ठेवली नव्हती. घरी येणाऱ्याला स्टिक हलवून बघायला सांगायचो, आणि त्याचा हात थांबला की मला बरं वाटायचं. हलक्या स्प्रिंगवर मिळवलेला विजय मी विजय मानत नसे, आणि तसं चारचौघांत बोललोही होतो. त्यामुळे पातळ तार बसवल्यावर दोन महिने कोणाला सांगितलं नाही. त्या दोन महिन्यांत जास्त विमानं पाडली, तेही सांगितलं नाही.

दिवाळीत पुतण्या आला. स्टिकला हात लावून म्हणाला, "काका, तुम्ही स्प्रिंग बदललीत?"

"हो," म्हटलं.

जाड स्प्रिंग त्याला देऊन टाकली. तो बावीसचा आहे. १९४० च्या उन्हाळ्यात दोन्हीकडचे कितीतरी वैमानिक त्याच वयाचे होते.