बुलढाण्याएवढा देश

मलकापुरातल्या एका भरती अकादमीत मी सामान्य ज्ञान शिकवतो. सैन्य, पोलीस, निमलष्करी दलं, सगळ्यांची तयारी एकाच हॉलमध्ये चालते. माझ्या नोट्समध्ये एक पान आहे, 'भारताची शस्त्र निर्यात'. ब्राह्मोस : फिलिपाइन्स. आयएनएस कृपाण : व्हिएतनाम. पिनाका : आर्मेनिया. प्रत्येक ओळ एका गुणाची. पोरं ती पाठ करतात, पेपरात गोल काळा करतात आणि विसरतात. परीक्षेचा तो धर्मच आहे, त्यात त्यांचा दोष नाही.

गेल्या वर्षी मोताळ्याकडच्या एका पोरानं विचारलं, "सर, हा आर्मेनिया केवढा हाय?"

मी आकडा शोधला. लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास. मग सवयीनं आपल्या जिल्ह्याचा आकडा शेजारी ठेवला. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्हा २५ लाख ८६ हजारांचा होता, आणि त्यानंतर जिल्हा काही थांबलेला नाही. म्हणजे जवळपास आपल्याएवढाच. जमीन आपल्या तिप्पट, पण बरीचशी डोंगराची. मी म्हटलं, "बुलढाण्याएवढा." वर्गात हशा पिकला. बुलढाण्याला स्वतःचे रणगाडे असतील, ही कल्पनाच त्यांना गमतीची वाटली.

मला मात्र ती कल्पना सोडेना. समजा, आपल्या तेरा तालुक्यांचा एक देश आहे. पश्चिमेचं जळगाव आणि पूर्वेचं अकोला यांच्याशी वैर, दोन्ही रस्ते बंद. ये-जा करायची तर फक्त बुऱ्हाणपूर किंवा जालन्याकडून. आर्मेनियाची हीच गत आहे. तुर्कस्तान आणि अझरबैजान या दोन्ही बाजूंच्या सीमा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून बंद. उरले जॉर्जिया आणि इराण. समुद्र नाही. अशा देशानं बंदूक आणायची तर कोणाकडून, आणि कोणत्या वाटेनं?

बरीच वर्षं उत्तर एकच होतं, रशिया. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला तेव्हा घर वाटून घेताना भांडी वाट्याला यावीत तशी शस्त्रं वाट्याला आली. टी-७२ रणगाडे, बीएमपी चिलखती गाड्या, उरल ट्रकवर चाळीस नळ्या बसवलेलं ग्राद रॉकेट. पुढची खरेदीही बहुतेक तिथलीच. एकाच दुकानातून उधारीवर किराणा भरणाऱ्या माणसाला भाव विचारायची सोय राहत नाही, तसं ते नातं. २०१९ मध्ये आर्मेनियानं चार सुखोई-३० विमानं घेतली. पण त्यांच्यासोबत क्षेपणास्त्रं आली नाहीत. पुढच्या वर्षी युद्ध पेटलं आणि विमानं उपयोगाला आली नाहीत. पंतप्रधान पशिनियान यांनी नंतर ते जाहीर कबूल केलं. बैलजोडी घेतली आणि नांगर आलाच नाही, असं.

ते युद्ध २७ सप्टेंबर २०२० ला सुरू झालं आणि ४४ दिवस चाललं. कारण होतं नागोर्नो-काराबाख. नकाशावर अझरबैजानचा, वस्तीनं आर्मेनियन असा डोंगराळ भाग. त्या युद्धातली एक गोष्ट मी वर्गात सांगतो, कारण ती आपल्याकडच्या पोरांना लगेच कळते. एएन-२ नावाचं जुनं सोव्हिएत विमान आहे, दोन मजली पंखांचं, संथ, शेतावर फवारणी करायला वापरलं जाणारं. अझरबैजाननं ही विमानं वैमानिकाविना उडवली. समोरच्यांना वाटलं हल्ला आला, त्यांनी विमानविरोधी क्षेपणास्त्रं डागली. त्या क्षणी ती कुठं लपली आहेत ते उघड झालं. वर तुर्की बनावटीचे बायराक्तार ड्रोन टपून होतेच. फवारणीचं विमान आमिष झालं आणि ड्रोननं शिकार केली. आपल्याकडे ड्रोन म्हणजे लग्नाचं शूटिंग आणि हल्ली कपाशीवरची फवारणी. तिथं त्याचा आवाज आला की पोरं खंदकात पालथी पडत होती.

आर्मेनियाच्या बाजूनं सुमारे ३,८०० सैनिक मेले. त्यातले कितीतरी अठरा ते वीस वयाचे होते, कारण तिथं अठरा पूर्ण झाले की सैनिकी सेवा सक्तीची. तेव्हा ती दोन वर्षांची होती. राजधानी येरेवानच्या येराब्लूर दफनभूमीत त्या एका हिवाळ्यात कबरींच्या रांगाच्या रांगा वाढल्या.

मी हा आकडा तेरानं भागला. तालुक्यामागे जवळपास २९०. मलकापूर २९०, नांदुरा २९०, लोणार २९०, सगळे दीड महिन्यात.

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्यात आपल्या जिल्ह्याचे दोघे होते, एक मलकापूरचे, एक लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे. तो दिवस इथं कोणाला आठवत नाही? दुकानांची शटरं कोणी न सांगता खाली आली. गर्दीत धड रडताही येत नव्हतं. दोन माणसं गेली आणि जिल्हा बसून गेला. शस्त्रांच्या यादीत न सापडणारी गोष्ट ही, की ते दोघे रणगाड्यात नव्हते, साध्या बसमध्ये होते. मारणारीही एक स्फोटकं भरलेली मोटारच होती. त्या दोनाला २९० नं आणि मग तेरानं गुणायला मी वर्गात कोणाला सांगितलं नाही. स्वतः मात्र करून पाहिलं, आणि मध्येच सोडलं. दुःखाचा गुणाकार होत नाही.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती न सांगणं खोटेपणाचं होईल. अझरबैजानचेही जवळपास २,९०० सैनिक त्या ४४ दिवसांत मेले. नव्वदच्या दशकातल्या पहिल्या युद्धात आर्मेनियन जिंकले होते आणि तेव्हा लाखो अझरबैजानी आपापली गावं सोडून निघाले होते. पुढं सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजाननं एका दिवसात काराबाख ताब्यात घेतलं, आणि आठवडा-दीड आठवड्यात एक लाखाहून जास्त आर्मेनियन तिथून बाहेर पडले. खामगाव शहर गेल्या जनगणनेत नव्वद-पंच्याण्णव हजारांचं होतं. सगळं खामगाव गाद्या-भांडी गाड्यांवर बांधून एकाच घाटरस्त्यानं निघालंय, असं डोळ्यांपुढं आणा.

या दोन तारखांच्या मधे आर्मेनिया भारताच्या दारात आला. चार 'स्वाती' रडारांचा सौदा २०२० मध्येच झाला होता. तोफगोळा कुठून सुटला ते हे रडार शोधून देतं. सप्टेंबर २०२२ मध्ये पिनाकाचा करार झाला. बातम्यांत आकडा होता सुमारे २,००० कोटी रुपये. मग १५५ मिलिमीटरच्या तोफा. एका दुकानावर विसंबून राहिल्याची किंमत मोजून झाल्यावर माणूस दुसरं दुकान शोधतो, तसं.

पिनाका हे तसं आपल्याच मुलखातलं लेकरू. त्याचा आराखडा पुण्याच्या एआरडीई या प्रयोगशाळेतला. नाव शंकराच्या धनुष्याचं. आठ चाकांच्या ट्रकवर बारा नळ्या. सहा गाड्यांची एक बॅटरी, म्हणजे ७२ रॉकेटं, आणि ती सगळी ४४ सेकंदांत सुटतात. तिथं ४४ दिवस, इथं ४४ सेकंद, हा योगायोगच. पहिल्या आवृत्तीचा पल्ला ३७-३८ किलोमीटर. मलकापुरातून सोडलं तर नांदुऱ्याच्या १०५ फुटी हनुमानाच्या डोक्यावरून जाऊन जलंबच्या अलीकडे पडेल. मी हे असंच शिकवतो. पोरांना पल्ला पाठ होतो. 'पडेल' या शब्दावर मात्र एखादाच थबकतो.

पिनाकाची रॉकेटं ज्या पेट्यांत बसवतात ते पॉड भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बनतात. मलकापूरहून भुसावळ म्हणजे पॅसेंजरचा तासाभराचा रस्ता. वाटेत वरणगाव लागतं, तिथंही एक ऑर्डनन्स फॅक्टरी, बंदुकीच्या गोळ्यांची. माझे मामा तिथं नोकरीला होते. तीस वर्षं डबा घेऊन अपडाऊन केलं त्यांनी. घरात आम्ही फॅक्टरीला 'कंपनी'सुद्धा म्हणत नव्हतो, नुसतं 'वरणगाव'. मामा वरणगावला गेले, एवढंच.

रिटायर झाल्यावर एकदा ओसरीवर बसलेलो असताना मी विचारलं, "मामा, तुमी बनवलेली गोळी कुठं गेली असंल, असा इचार यायचा का हो?"

"कायले यीन?" मामा म्हणाले. "पेटी भरली, वजन केलं, सील मारलं. त्याच्यापुढं आपलं काम नाय."

थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "पण जाग्यावर स्फोट होऊ नये, याचा इचार रोज यायचा. बॅगेत डबा ठुताना तुझी मामी काही बोलायची नाय, पण तिलेबी तोच इचार."

त्यांची भीती वाऱ्यावरची नव्हती. १७ डिसेंबर २०२३ ला नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार गेले, त्यात सहा बायका होत्या. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आठ जण. शस्त्र रणांगणावर पोचायच्या आधीच त्याची किंमत वसूल व्हायला लागते, आणि ती आपल्या विदर्भातच वसूल होते. निर्यातीच्या बातमीत रुपयांचा आकडा असतो, या माणसांचा नसतो.

म्हणून मग शस्त्रं बनवूच नयेत का? असं मी म्हणू शकत नाही. ज्या जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे तिथल्या माणसानं तर नाहीच. जिजाऊंचा मुलगा राज्य उभं करत होता तेव्हा ते राज्यही लहानच होतं, आणि तोफांसाठी त्यालाही टोपीकरांची दारं बघावी लागत. १६६० मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला गेले. पुढच्याच वर्षी शिवाजीराजांनी राजापुरावर जाऊन ती वखार लुटली आणि इंग्रजांना कैदेत टाकलं. दारूगोळा विकणारा कधी कोणाच्या बाजूनं जाईल याचा भरवसा नाही, हे छोट्या राज्याला फार लवकर कळतं. साडेतीनशे वर्षांनी आर्मेनियाला तेच कळलं. फरक इतकाच की या वेळी विकणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे आहोत. आपण राजापूरच्या इंग्रजांसारखे वागणार की नाही, हा प्रश्न आता आपल्याला आहे.

पहाटे पाचला मलकापूरच्या बायपासवर माझी पोरं पळतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत बसवायचे असतात. कोणाच्या घरी तीन एकर कोरडवाहू, कोणाच्या घरी तेही नाही. चार वर्षांची अग्निवीरची नोकरी लागली तरी बहिणीचं लग्न उरकेल, हा हिशेब. तिकडच्या पोराला कायद्यानं बोलावणं येतं, इकडच्याला परिस्थिती बोलावते. दोघांचं वय एकच. दोघांच्याही आया दाराशी उभ्या. आता पिनाका शिकवताना मी फळ्यावर पल्ल्याच्या खाली आणखी एक ओळ लिहितो, '३,८०० + २,९००'. ती परीक्षेला येत नाही, असं आधीच सांगून टाकतो. कोणी उतरवून घेतं, कोणी घेत नाही.

८ ऑगस्ट २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये आर्मेनिया आणि अझरबैजानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरं केली. मी ती बातमी मामांना मोबाईलवर वाचून दाखवली. म्हटलं, आता आपल्या रॉकेटांचं काय होणार?

"काय व्हणार! पडून राहतीन," मामा म्हणाले. "दारूलेबी वय असते, बाबू. प्रत्येक लॉटवर साल असते. मुदत सरली का बाहेर काढतात अन् नष्ट करतात. लोक म्हणतात फुकट गेला माल." त्यांनी पानाला चुना लावला. "मी म्हणतो, तोच एक लॉट कामी आला."