लटाकिया आणि गृहशांती

पाइप ओढणाऱ्याला तंबाखूची चव लागते आणि घरच्यांना वास. सगळं भांडण इथेच सुरू होतं. व्हर्जिनिया गोडसर, तिच्यात साखर मुळातच जास्त. पण घाईने झुरके मारलेत तर जीभ पोळलीच म्हणून समजा! बर्लीत साखर नाहीच जवळजवळ. पेरीक लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यातली; पिंपात दाबून आपल्याच रसात महिनोन्‌महिने मुरवतात. म्हणजे लोणचंच की हो!

माझा जीव मात्र लटाकियावर. नाव सीरियातल्या बंदराचं, आणि पानं लाकडाच्या धुरावर काळी केलेली. मी पहिला झुरका घेतला की आतून सौ. विचारायची, "अहो, कोणी चप्पल जाळतंय का बघा." व्हॅनिलाची कॅव्हेंडिश पेटवली की तीच म्हणायची, "आज केक केलाय वाटतं कुणीतरी!" मला त्यात गरम वाफेपलीकडे काही लागत नसे.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी पाइप कायमचा बंद केला. आता डबे उघडून नुसतं हुंगायचं. परवा सौ.नेच लटाकियाचा डबा काढला, झाकण उघडलं, नाक मुरडलं.

"आहे हो अजून वास," ती म्हणाली, आणि डबा माझ्या हातात दिला.