चपात्या हातानं लाटतात

मोटार अपघाताच्या दाव्यातल्या माझ्या उलटतपासाची नक्कल कपाटात आहे. तिच्या दुसऱ्या पानावर एक ओळ आहे : ‘हे म्हणणे खरे आहे की, चपात्या हाताने लाटल्या जातात, पायाने नाही.’ पानाखाली माझी सही. ओळीत खोटं काहीच नाही. तरी ती वाचली की आजही अंगाची लाही लाही होते. ज्या निकालाची इतकी वर्षं वाट पाहिली, तो त्या एका ओळीवर तोलला गेला असं मला वाटतं.

अपघाताचं फार सांगत नाही. २०१८ चा डिसेंबर, सकाळची वेळ, स्कूटीवर पायाशी डब्यांची पिशवी. समोरून येणारी कार उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करत थेट माझ्या अंगावर आली. उजव्या गुडघ्याखालचं हाड सांध्यापर्यंत फुटलं, शेजारचं बारीक हाड मोडलं. ऑपरेशन, प्लेट, स्क्रू, आधी वॉकर, मग काठी. पोलिसांनी कारचालकावर २७९ आणि ३३८ खाली गुन्हा नोंदवला, पंचनामा झाला, गाडीचा विमा चालू होता. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली भरपाईचा दावा टाकला. मग करोना आला आणि तारखाच थांबल्या. कारचालक मुलगा दवाखान्यात येऊन रडला होता. कोर्टात त्याच्या लेखी कैफियतीत मीच चुकीच्या बाजूनं आले असं होतं. त्याचंही मला एवढं लागलं नाही. पंचनाम्यातल्या नकाशानंच ते खोडून काढलं.

माझा धंदा चपात्यांचा. पहाटे चारला सुरुवात, रोजची दहा किलो कणीक, लग्नसराईत त्याच्या दुप्पट. दोन मेस, एमआयडीसीतले डबे, शिवाय गावातल्या नोकरदार बायकांच्या घरची रोजची मोजून चपाती. पीठ, तेल, गॅस जाऊन महिन्याला पंधरा हजार सुटत. रोख यायचे, रोख जायचे. या धंद्यात पावतीपुस्तक कुणी ठेवत नाही. किराणा दुकानदाराच्या वहीत पिठाची पोती लिहिलेली असतात तेवढाच पुरावा.

साक्षीला मी उभी राहिले ती २०२३ मध्ये. विमा कंपनीच्या वकिलांनीच पट्टेवाल्याला सांगून मला खुर्ची द्यायला लावली. ताई, बसून बोला, म्हणाले. गृहस्थ सभ्य होते, आवाज एकदाही चढवला नाही. मला बरं वाटलं, आपलं ऐकून घेणारं कुणी तरी आहे असं वाटलं. मग त्यांनी विचारलं, अपघातात तुमच्या हातांना काही इजा झाली? नाही. आजही तुम्ही घरात चपात्या करता? घरापुरत्या करते. चपात्या हातानं लाटतात की पायानं?

मागच्या बाकावर कुणी तरी हसलं. मी म्हटलं, ‘हातानं, पण...’ वकील लगेच न्यायाधीशांकडे वळले, साक्षीदारानं उत्तर दिलंय साहेब. टाइप झालं. पुढचा प्रश्न आला.

त्या ‘पण’च्या पुढचं मला सांगू दिलं नाही, ते इथे सांगते. दहा किलो कणीक ओट्यावर मळत नाहीत. मोठी परात जमिनीवर घ्यायची. एक पाय दुमडायचा, दुसरा पुढे करून पंजानं परातीचा काठ अडवायचा, नाही तर परात गरागरा फिरते. मग मुठी कणकेत रोवून अंगाचं सगळं वजन टाकायचं. ते वजन मनगटात नसतं, कमरेत असतं आणि त्या अडवलेल्या पायात असतं. मनगटाचं काम शेवटी, तेलाचा हात फिरवताना. त्यानंतर बुटक्या भट्टीसमोर मांडी घालून बसायचं. एका बैठकीत तीन तास, समोर पोळपाट, डाव्या हाताला गोळ्यांचं ताट, उजव्या हाताला तवा. मध्येच उकिडवं होऊन पिठाचा डबा ओढायचा, परात उचलून बाजूला करायची, पुन्हा बसायचं. माझा उजवा गुडघा आता काटकोनाच्या पुढे वाकत नाही. मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही. ओट्याशी उभं राहून करून पाहिलं. तासाभरात पाऊल सुजून चपलेचा पट्टा रुततो. ज्या पायानं मी परात अडवायचे तो हाच, उजवा.

चपाती हातानं लाटतात. पण धंद्याची चपाती सगळ्या अंगानं होते, हे ज्यानं कधी पहाटे चारला उठून परात ओढली नाही त्याला कसं कळावं? माझ्या सरतपासाच्या शपथपत्रात हे सगळं ‘पूर्वीप्रमाणे काम करता येत नाही’ एवढ्यात आटोपलं होतं. उलटतपास झाल्यावर फेरतपास घेता येतो. माझ्या वकिलांनी घेतला नाही. म्हणाले, जजसाहेबांना सगळं कळतं, उगाच लांबवायला नको. त्यांच्यामागे त्या दिवशी दुसऱ्या कोर्टातला पुकारा होता. मी समजू शकते, पण माफ करणं जमत नाही.

दुसरं शल्य ‘गृहिणी’चं. दवाखान्यात भरती करताना केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असतो. मी स्ट्रेचरवर, यजमान फोनवर पैशांची जुळवाजुळव करतायत, अशा वेळी कुणी तरी त्या रकान्यात गृहिणी लिहून टाकलं. विचारलं की नुसतं साडीकडे बघून लिहिलं, देव जाणे. तोच कागद कंपनीनं पुढे केला. अर्जदार गृहिणी आहेत, उत्पन्न नाही, सबब उत्पन्नाचं नुकसान नाही.

बरं, नुसती गृहिणी असते तरी काय? घरकामाला मोल नाही असं कायदासुद्धा म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये लता वाधवा खटल्यात गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३,००० रुपये धरलं होतं. २०२१ च्या कीर्ती खटल्यात तर सरकारी पाहणीचा आधार घेऊन म्हटलंय की, बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, पुरुषाची ९७. हे मी नंतर वाचलं. त्या वेळी एवढंच कळत होतं की गावातल्या अर्ध्या घरांत माझी चपाती खाल्ली जाते आणि कोर्टात मी काहीच करत नाही.

डॉक्टरांची साक्ष झाली. त्यांनी उजव्या पायाला ३५ टक्के कायमचं अपंगत्व आल्याचा दाखला दिला होता. त्यांना विचारलं, हे प्रमाण एका पायापुरतं आहे, सबंध शरीराचं नाही, हे खरं? डॉक्टर म्हणाले, खरं. त्यांनी दुसरं काय म्हणावं? पण माझ्या कामाबद्दल त्यांना एकही प्रश्न नाही. ना त्या बाजूनं, ना आमच्या.

निकाल २०२५ च्या जुलैत लागला. उत्पन्न महिना ८,००० धरलं. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशी-पन्नाशीच्या मधलं म्हणून त्यात २५ टक्के वाढ, म्हणजे १०,०००. वर्षाचे १,२०,०००. अपघाताच्या वेळी मी ४३ वर्षांची, त्या वयाला सरला वर्मा निकालाच्या कोष्टकाप्रमाणे गुणक १४. इथपर्यंत ठीक. पण कामावरचा परिणाम धरला १५ टक्के. १,२०,००० चे १५ टक्के १८,०००, गुणिले १४, म्हणजे २,५२,०००. उरलेल्या सगळ्या आयुष्यातल्या कमाईच्या तोट्याची ही किंमत. १५ टक्के का, तर निकालपत्रात कारण दिलंय : अर्जदाराच्या दोन्ही हातांना इजा नाही, आणि चपात्या हाताने लाटल्या जातात हे अर्जदाराने उलटतपासात मान्य केले आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल अशा सगळ्या दाव्यांत सांगितला जातो. त्यात मुद्दा असा की, दाखल्यावरची टक्केवारी म्हणजे कमाईचा तोटा नव्हे. तोच अवयव गेला तरी माणूस काय काम करतो त्यावर तोटा ठरतो. न्यायालयानं उदाहरणच दिलंय : डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडेल, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकेल. म्हणजे आधी काम बघा, मग टक्के ठरवा. कंपनीनं हाच निकाल माझ्याविरुद्ध वापरला. काम बघितलं, पण अर्धंच बघितलं. हाडाचे एक्स-रे निशाणी म्हणून लागतात, बिलं लागतात. परात कुणी निशाणीला लावत नाही.

मी धंदा पूर्ण बंद केला नाही, हेही माझ्याच विरुद्ध गेलं. कणीक मळायला आणि भट्टीवर बसायला मी एक बाई ठेवली, नंतर दुसरी. मी हिशेब बघते, डबे भरते, पार्सलं बांधते. त्या दोघींच्या मजुरीत नफा निघून जातो. धंदा चालू आहे म्हणजे तोटा नाही, असा अर्थ काढला गेला. मी अंथरुणावर पडून राहिले असते तर बरं झालं असतं का?

आतापर्यंत सगळ्यांना मी सांगत आले की, पैशासाठी भांडत नाही, न्यायासाठी भांडतेय. लिहिताना वाटतंय, ते तितकंसं खरं नाही. मला पैसेच हवे होते. दवाखान्याला जावेच्या बांगड्या मोडून पैसे भरले होते. मधल्या काळात कलम १४० खाली पंचवीस हजार मिळाले, ते फिजिओथेरपी आणि रिक्षाभाड्यात गेले. निकालाचे सगळे मिळून व्याजासह साडेसात लाखांच्या आसपास होतात. काही रक्कम बँकेत ठेवीत ठेवायचा हुकूम आहे. आकडा ऐकला तेव्हा आनंद झाला होता, घरी पेढे आणले. चार दिवसांनी निकालपत्र वाचलं आणि तो आनंद आंबला.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना दोन-चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आता कायदा बदललाय. १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघाताच्या सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा असं कलमात आलंय, त्यामुळे प्लास्टर उतरेपर्यंत थांबू नका. कलम १४० गेलं, त्या जागी १६४ आलं. गंभीर दुखापतीला दोष सिद्ध न करता अडीच लाख. हाड मोडणं कायद्यानं गंभीर दुखापतच आहे. माझ्या पुढच्या कमाईचा जो तोटा इतक्या वर्षांनी ठरला तो जवळपास तेवढाच, हे बघून मला कसं वाटलं असेल? पण ज्यांचं नुकसान खरंच मोठं आहे त्यांनी १६४ आणि १६६ दोन्ही वाटांचा हिशेब वकिलाकडून मांडून घ्यावा, कारण एक घेतली की दुसरी बंद होते. केसपेपरवर व्यवसाय काय लिहिलाय तो घरच्या कुणी तरी वाचून बघावा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शपथपत्रात आपलं काम लिहून घ्या. कसं बसता, काय उचलता, कोणत्या पायावर जोर देता, सगळं. गवंड्यानं गवंडीकाम लिहावं, कोळणीनं टोपली. वकिलाला शरम वाटली तरी चालेल, आपल्याला वाटू देऊ नये.

यजमानांचं म्हणणं, आता पुरे. मिळालंय ते घ्या, तब्येत सांभाळा. त्यांचंही चूक नाही. सगळ्या तारखांना मला गाडीत बसवून नेलं ते त्यांनीच. मुंबईला जावं लागलं असतं तर मी नाद सोडलाही असता. पण ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालंय, सहा जिल्ह्यांसाठी, आणि आमचा जिल्हा त्या सहांत आहे. एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. अपिलाला नव्वद दिवसांची मुदत असते. मुदतीत दाखल केलं. नव्या वकीलबाईंनी दोन मुद्दे घेतलेत : कामाचं स्वरूप बघितलंच नाही हा एक, आणि ठेवलेल्या दोघींची मजुरी हाच कमाईचा तोटा हा दुसरा.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. विमा कंपनीनंही अपील केलंय. त्यांच्या मते पंधरा टक्केसुद्धा जास्त धरलेत.