बोनवायरचे बोलके वस्त्र

वाचकहो, आज आम्ही आपल्याला पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात नेत आहोत. कुमासी शहराजवळचे बोनवायर हे विणकरांचे गाव. येथे 'केंटे' हे कापड हातमागावर विणतात. विणकर पायांच्या बोटांत दोऱ्या धरून माग चालवतो. पट्टी निघते जेमतेम चार इंच रुंदीची. अशा अनेक पट्ट्या शेजारी शेजारी शिवल्या, की अंगभर वस्त्र तयार होते.

पूर्वी ते अशांती राजाचे व दरबाराचे वस्त्र होते. आज लग्नकार्यात, सणासमारंभात सामान्य माणूसही ते अभिमानाने पांघरतो.

येथे नक्षीलाही नाव असते. एका नक्षीचे नाव होते, 'फातिया एन्क्रुमांना शोभते'. स्वातंत्र्याचे नेते व घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्या पत्नीचा तो गौरव. पुढे १९६४ साली एन्क्रुमांनी एकपक्षीय राजवट आणली. १९६६ साली लष्कराने त्यांची सत्ता उलथवली. मग त्याच नक्षीला लोक म्हणू लागले, 'एकटा माणूस राष्ट्र चालवीत नाही!' धागे तेच, रंग तेच, पण बोल बदलला.

२०२४ साली युनेस्कोने केंटे विणण्याच्या कलेची मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात नोंद केली. आमच्या मते हा मान पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसलेल्या कष्टकऱ्यांचा आहे.