आपल्या मापाचा पाना

‘हत्यार’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे तलवार येते, भाला येतो, फार तर एखादी तोफ. इतिहासाच्या तासाला हत्यारांची गाठ पडते तीही लढाईच्याच निमित्ताने. पण एखाद्या गवंड्याला विचारा, सुताराला विचारा, गाड्या दुरुस्त करणाऱ्या फिटरला विचारा. तो आपल्या थापीला, रंध्याला, पान्यालाही हत्यारच म्हणतो. मारण्याच्या वस्तूला आणि दुरुस्तीच्या वस्तूला आपल्या भाषेत एकच शब्द का असावा, याचा मी पुष्कळ विचार केला. मला सुचलेले उत्तर इतकेच, की दोन्हींमुळे ती बाळगणाऱ्याचा शब्द चार माणसांत वजनदार होतो.

आमच्या घरात ही गोष्ट सर्वांत आधी आजोबांना कळली. ते जन्मभर बिगारी होते. गवंड्याच्या पिशवीत थापी, ओळंबा, गुण्या आणि लेव्हल असे. आजोबांपाशी पाटी आणि फावडे, तेही मुकादमाचे. भिंत ओळंब्यात आहे की नाही हे त्यांना नुसत्या डोळ्यांनी कळत असे, पण ओळंबा त्यांचा नव्हता. म्हणून शनिवारी हजेरी वाटताना ते बिगाऱ्यांच्याच रांगेत उभे राहत. “त्याची पिशवी त्याची हाय. माझं काय हाय?” असे ते म्हणत. लहानपणी मला त्याचा अर्थ कळत नसे.

महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ साली प्रसिद्ध झालेला ‘गावगाडा’ हाती लागला. बलुतेदारीच्या जुन्या रीतीत शेतकऱ्याचा नांगर मोडला की तो सुताराकडे जाई, फाळ बोथटला की लोहाराकडे, आणि त्याचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने पोहोचता होई. माणसाचे काम त्याच्या जन्मावरून ठरवणारी ती रीत मोडली हे चांगलेच झाले. परंतु ती मोडल्यावर दुरुस्ती बाजारात गेली आणि बाजारात दरवेळी रोख पैसे मोजावे लागतात. आमच्यासारख्या घरांना हे फार लवकर उमगते.

माझे आई-वडील पुरंदर तालुक्यात आठवडे बाजारांत भाजी विकतात. त्यांच्या व्यवसायाचा सगळा डोलारा एका जुन्या टू-स्ट्रोक मोपेडवर उभा आहे. मोपेड एक दिवस बंद पडली की तीन नुकसाने होतात. फिटरचे पैसे जातात, बाजार बुडतो आणि आदल्या संध्याकाळी आणलेली मेथी-कोथिंबीर घरातच पिवळी पडते. घरातही तसेच. नळ गळू लागला की प्लंबरच्या मागे लागायचे. वायसर मिळतो काही रुपयांत. पण तो बसवण्यासाठी माणूस बोलावला तर आईची निम्म्या दिवसाची कमाई गेलीच म्हणून समजा.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अंजिराच्या बागेत तोडणीला आणि पेट्या भरायला गेले. त्यातून पुस्तके आणि पास वजा जाता दोन हजार रुपये उरले. या पैशांची हत्यारे घ्यायची, असे मी घरात सांगितले, तेव्हा आई गप्प राहिली. आप्पा मात्र म्हणाले, “पोरी, शिकून बी हात काळंच करायचं असतील, तर मग कालेज कशापायी?” मी उलट बोलले नाही. त्यांच्या बोलण्यात खोटे असे काहीच नव्हते. आपल्या हातांचा काळेपणा मुलीच्या हातांना लागू नये, एवढ्यासाठीच तर ते पहाटे चारला उठत आले आहेत. घरातून महाविद्यालयात पाऊल टाकणारी मी पहिलीच. माझे हात स्वच्छ राहावेत ही त्यांची इच्छा म्हणजे त्यांच्या कष्टांचा हिशेब होता.

तरीही मी ठरवलेले सोडले नाही. मात्र बाजारात जाण्यापूर्वी घरी बसून एक काम केले. शंभर वस्तूंची चकचकीत पेटी स्वस्तात मिळते, अशा जाहिराती मोबाईलवर रोज दिसतात. त्या पेटीतील नव्वद वस्तूंना आपल्या घरात कधी काम लागेल, हा प्रश्न जाहिरात विचारत नाही. मी शेजारच्या आयटीआयमधील मुलाकडून मोजपट्टी आणि काही पाने तासाभरासाठी मागून आणले, वहीचे एक पान घेतले आणि मोपेडच्या दिसतील तेवढ्या नट-बोल्टांची मापे लिहून काढली. पान्यावरचा आकडा म्हणजे बोल्टची जाडी नव्हे. तो त्याच्या डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधील अंतर असतो. साधारणपणे ६ मिलिमीटरच्या बोल्टला १० चा पाना लागतो, ८ च्या बोल्टला १३ चा. काही जपानी धाटणीच्या गाड्यांत त्याच ८ च्या बोल्टला १२ चा लागतो. म्हणून दुसऱ्याची यादी आपल्या उपयोगाची नाही. माझ्या पानावर ८, १०, १३ आणि १७ हेच आकडे पुन्हा पुन्हा येत होते. साध्या दुतोंडी पान्याला दोन मापे असतात. म्हणजे ८-९, १०-११, १२-१३ आणि १६-१७ एवढ्या चार पान्यांत आमची मोपेड जवळजवळ संपूर्ण बसत होती.

जूनमध्ये दिवे घाट उतरून मी पुण्याला गेले. रविवार पेठेतील बोहरी आळी म्हणजे खिळ्यापासून साखळदंडापर्यंत लोखंडी सामानाची पेठ. दुकानदार काकांनी आधी “भावानं पाठवलं का?” असे विचारले. मी वहीचे पान आणि पिशवीतून आणलेले दोन सुटे बोल्ट काउंटरवर ठेवले. त्यानंतर मात्र त्यांनी भावाची चौकशी केली नाही. गिऱ्हाईक नट घेऊन आले की आपले निम्मे काम होते, असे म्हणून ते एकेक पाना काढून देऊ लागले. त्या अर्ध्या तासात जे शिकायला मिळाले, ते इथे मांडते.

पाना बोल्टवर बसवून हलवून पाहावा. खडखडला तर घेऊ नये, कारण तो बोल्टचे कोपरे खातो आणि मग कोणताच पाना चालत नाही. चांगला पाना घडाईचा असतो, ओतीव नव्हे. त्यावर माप आणि बनवणाऱ्याचे नाव ठशठशीत उमटवलेले असते. क्रोम व्हॅनेडियम असे लिहिलेले असले तर ते पोलाद चिवट जातीचे. भारतीय मानकांत उघड्या तोंडाच्या पान्यांसाठी २०२८ आणि रिंग पान्यांसाठी २०२९ असे स्वतंत्र क्रमांक आहेत, तेही पाहून घ्यावेत. उघड्या तोंडाचा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. रिंग पाना सगळे कोपरे धरतो. म्हणून घट्ट बसलेला नट रिंगने ढिला करायचा आणि मग उघड्या पान्याने भराभर फिरवायचा. या कारणाने मी १०-११ आणि १२-१३ हे दोन रिंग पाने जास्तीचे घेतले.

नळासाठी सरकत्या जबड्याचा एक दहा इंची पाना घेतला. या पान्याचे आजचे रूप स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांच्या १८९२ च्या पेटंटमधून आले. तो वापरताना जोर स्थिर जबड्यावर पडेल अशा बाजूने ओढावा. सरकत्या जबड्यावर जोर आला की तो निसटतो आणि बोटे सोलवटतात. पितळी नळाला धरण्यापूर्वी मध्ये फडके घातले की ओरखडे पडत नाहीत. शिवाय आठ इंची पक्कड, एक चपटा आणि एक दोन नंबरचा फुलीचा पेचकस, प्लगचा २१ चा पाना आणि एक टेस्टर. टेस्टरमधला बारीक दिवा लागतो तो आपल्याच शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या अत्यंत अल्प प्रवाहाने. म्हणून तो आधी चालू असलेल्या सॉकेटमध्ये लावून पाहावा आणि दिवा लागला नाही एवढ्यावरून तार मेली असे मानू नये. मेन स्विच बंद करणे हेच खरे. सगळे मिळून सतराशे साठ रुपये झाले. उरलेल्या पैशांत परतीचे भाडे आणि आईसाठी एक नवा वजनकाटा घ्यायचा विचार होता. भाडे भागले, काटा राहिला.

काही कामे आपली नव्हेत, हेही हत्यारांबरोबरच कळते. ब्रेकला मी हात लावत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कोणी शिरू नये, हे गॅरेजमधला जुना माणूसही सांगेल. पान्याला पाइप जोडून जोर वाढवण्याचा मोहही आवरावा. वीस सेंटिमीटरच्या पान्यावर वीस किलोचा जोर लावला, तर ६ च्या बोल्टला लागतो त्याच्या जवळजवळ चौपट पीळ त्याला बसतो आणि आटे जातात. पान्याची लांबी त्याच्या मापाप्रमाणे वाढत जाते, ती उगीच नव्हे.

श्रावणातील एका पहाटे मोपेड सुरू होईना. टोपल्या बांधलेल्या, बाहेर भुरभुर पाऊस, आप्पा पायडल मारून मारून घामाघूम झालेले. फिटर नऊशिवाय दुकान उघडत नाही. मी दिवा धरायला आईला सांगितले आणि प्लग काढला. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेलही जळते, त्यामुळे प्लगवर काजळी साचते. आमचा तर तेलकट काळा झालेला होता. पॉलिश पेपरने तो साफ केला, टोकांमधील फट पाहिली, कोरडा करून पुन्हा बसवला. तिसऱ्या पायडलला गाडी चालू झाली. आप्पांनी माझ्या हातांकडे पाहिले. हात काळे झाले होते. ते काही बोलले नाहीत, पण निघताना स्वतःच्या खांद्यावरचे फडके काढून त्यांनी माझ्याकडे टाकले. आठ वाजता साबणाने हात धुऊन मी महाविद्यालयात आले. त्या दिवशी पहिला तास अर्थशास्त्राचा होता आणि विषय होता भांडवल. त्या तासाला मला एकही शंका आली नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे विळा, खुरपे आणि तराजू पूजतात. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढायची, ती धाकट्या भावंडांसाठी. यंदा नवमीच्या दिवशी आप्पांनी माझी हत्यारांची पिशवी स्वतः खाली काढली, पाने पुसून लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले आणि त्यांना हळदकुंकू लावले. आजोबांच्या फोटोसमोरच ती जागा होती.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी हातांनी काम करणारी माणसे आहेत आणि आपण पुस्तकांकडे आलो आहोत. पुस्तकाकडे येताना हातांकडे पाठ फिरवलीच पाहिजे, असे आपल्याला कोणी उघडपणे सांगत नाही. तरी आपण ते हळूहळू मानू लागतो. मला एवढेच वाटते, की ज्याला मोजता येते, वाचता येते आणि विचारता येते, त्याच्या हातात पाना अधिक नेमका बसतो. आजोबांना ओळंबा मिळाला असता, तर आमच्या घराची गोष्ट कदाचित एक पिढी आधीच बदलली असती.

परवा शेजारच्या मावशींचा नळ नीट करून परतले, तेव्हा आप्पा ओट्यावर बसून पिशवीतील पाने चाळत होते. १७ चा उघडा पाना हातात तोलून ते म्हणाले, “ह्याचा रिंगवाला राहिलाय न्हवं? केवढ्याला पडंल?”