घाटातली खिडकी

आमचं कुलदैवत मंगेशी. त्यामुळे श्रावणात हुबळीहून रेल्वेने गोव्याला जाणं लहानपणापासून ठरलेलं. वडील इथल्याच रेल्वे वर्कशॉपमध्ये. पास त्यांचा, दशम्या आजीच्या. अळणावरपर्यंत ओळखीची शेतं दिसायची. लोंढा मागे पडला की रान अंगावर यायचं आणि कॅसलरॉकनंतर डब्यातल्या गप्पा थांबायच्या. आजीच्या हातात जपमाळ यायची. दूधसागरच्या पुलावर गाडी मंदावे. सुमारे ३१० मीटरवरून कोसळणाऱ्या पाण्याचे तुषार थेट आत येत. दशम्यांचं फडकं भिजायचं, पण खिडकी लावा असं कुणी म्हणायचं नाही.

पुढे धारवाडला कॉलेजात असताना एका जाड पुस्तकात टर्नरचं १८४४ सालचं चित्र सापडलं. टेम्स नदीवरचा मेडनहेडचा पूल, त्यावरून येणारं काळं इंजिन आणि बाकी सगळा पाऊस. वाफ कुठली, ढग कुठला, सांगता येत नाही. इंजिनाच्या पुढे रुळांवर एक ससा जिवाच्या आकांताने पळतोय. त्याचा रंग आता इतका उडालाय की तो शोधावा लागतो. हा घाट मला ठाऊक होता! त्याच पुस्तकात फ्रीडरिखचा तो प्रसिद्ध पाठमोरा माणूसही होता, कड्यावर उभा, पायाखाली धुक्याचा समुद्र. रोमँटिक चित्रकारांचं नाव निघालं की लोक त्यालाच आठवतात. मला तो कधी जवळचा वाटला नाही. आमच्या घाटात माणूस असा वर उभा राहत नाही, खिडकीचा गज घट्ट धरून बसतो.

जलरंग हाती घेतले ते दूधसागरसाठीच. धबधब्याला रंग लावायचाच नसतो. तेवढा कागद कोरा सोडायचा आणि भोवतालचा कातळ ओल्यावर ओला रंग देत गडद करत न्यायचा. कातळ जितका काळा, तितकं पाणी जोरात पडतं.

जुलै २०२१ मध्ये दूधसागरजवळ दरड कोसळून मुंबईला निघालेली गाडी घसरली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पुढच्या मे महिन्यात, कॅसलरॉक ते कुळे दुसरा रूळ टाकायला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. मी रेल्वेच्या पगारावर वाढलेला, तरी ती बातमी वाचून मला मनापासून बरं वाटलं. जो डोंगर गाडी रुळावरून ढकलू शकतो, त्याचं रान वाचवायला माणसांना कोर्टात जावं लागतं, हे टर्नरच्या काळात कुणाला सांगून पटलं नसतं. ते पुस्तक अजून उघडतो, आणि इंजिनाआधी ससा शोधतो.